एकतीसच्या आत तीन चष्मे

४ डिसेंबर

डेलचा फोन. मला वाटलं त्याच्या वकिलाने काही नवीन काढलं असेल. तर हा म्हणतो, "डोळ्यांचा विमा यंदा आपल्यातल्या कुणीच वापरला नाहीये. तपासणी, चष्मा, सगळं एकतीसला बुडतं."

जानेवारीत घटस्फोटावर सही होणार. ऑगस्टपासून हा माणूस भावाच्या गॅरेजवरच्या खोलीत राहतोय. पोटच्या पोरीचा, एलीचा, वाढदिवस विसरला होता, पण विम्याची शेवटची तारीख तोंडपाठ! फुकट ते पौष्टिक, हा त्याच्या नीमी घराण्याचा धर्म. यांच्या आईने दवाखान्यातले कागदी रुमालसुद्धा पर्स भरभरून घरी आणलेत.

"तुला तर जानेवारीनंतर काहीच मिळणार नाही," म्हणाला. वर आवाजात दया.

मी म्हटलं, माझे डोळे ठीक आहेत. तू मला अगदी स्वच्छ दिसतोस.

तर म्हणे तिघांची वेळ घेऊन टाकलीय, चौदा तारीख, एकाच गाडीतून जाऊ, पेट्रोल वाचेल.

७ डिसेंबर

एलीचा आइस हॉकीचा संघ पुन्हा हरला. बारा वर्षांची पोर, अंगावर तिच्या वजनाएवढं चिलखत चढवून गोलाच्या तोंडाशी उभी राहते, आणि चकती तिच्या शेजारून आरामात आत जाते. ती हलतसुद्धा नाही. गेल्या वर्षी हीच मुलगी मांजरीसारखी झेपावायची.

डेल मैदानाभोवतीच्या काचेवर मुठी आपटत होता. "बघ ना! चकतीकडे बघ!" अख्ख्या दुलुथ शहराला ऐकू गेलं असेल.

नंतर पार्किंगमध्ये मला म्हणतो, "तुझ्याकडे तिची झोप होत नाही."

"झोप होते. तू आलास की हात गळतात तिचे."

"गणितातही मीच येतो का?"

गणिताचं त्याने मुद्दाम काढलं. गेल्या महिन्यात शाळेत बोलावलं होतं, त्याच्या आधीही एकदा. दोघं लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो, एली मध्ये. बाई म्हणाल्या, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, विचारलं तर गप्प बसते. तिथेच, बाईंसमोर, डेल म्हणाला, "घरात शिस्त नाही." शिस्त! सॉनाच्या वाफेत बियर पिऊन झोपी जाणारा माणूस!

आता हेच सगळं तो न्यायाधीशासमोर मांडणार. मुलगी आईकडे बिघडते. मांडू दे. माझ्याकडेही मांडायला भरपूर आहे.

९ डिसेंबर

बर्फ. डेलचा मेसेज — "फ्रेम कोणती घ्यायची ते आधीच ठरवून ठेव, तिथे वेळ जातो." मेसेज पुसून टाकला.

१४ डिसेंबर

गेलो. एकाच गाडीतून.

दुकानातली बाई म्हणाली, "वा, सगळं कुटुंब एकत्र! हल्ली कुठे दिसतं असं." डेलने लगेच मान डोलावली. खोटारडा. मीही हसून दाखवलं म्हणा.

माझी तपासणी आधी झाली. डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या करायला. वाचायचा चष्मा लागणार म्हणे. मग मीही ठरवलं, बुडवायचंच आहे तर याचं बुडवू. विम्यात बसेल त्यातली सगळ्यात भारी फ्रेम उचलली. डेलने एक जाड काळी चढवली आणि विचारलं, "कसा दिसतो?"

"घुबड. नोकरी गेलेलं."

एली खो खो हसली. किती दिवसांनी हसली कोण जाणे. तर या येड्याने तीच फ्रेम पक्की केली.

मग एली आत गेली. बराच वेळ झाला. डॉक्टरीणबाईंनी दार उघडून आम्हा दोघांना बोलावलं. एली उंच खुर्चीत बसली होती, पाय लोंबकळत, नजर मांडीवर.

"हिला कधीपासून दिसत नाहीये?"

डेल म्हणाला, "दिसतं की. ती गोल राखते."

बाईंनी हातातला कागद त्याच्यापुढे धरला. मग शांतपणे सांगितलं — समोरच्या पाटीवरचं सगळ्यात वरचं एक अक्षर सोडलं तर तिला काही वाचता आलं नाही. वर्गात फळा नुसता काळा. चकती तर अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नसणार. "चष्म्याने पूर्ण सुधारेल, घाबरू नका. पण हे एका महिन्यातलं नाही. घरी कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

घरी! कोणत्या घरी, ते त्यांनी विचारलं नाही, नशीब.

येताना डेलने गाडी चालवली. थेंबांमुळे मला त्याचा चेहरा धड दिसत नव्हता, समोरच्या दिव्यांना नुसती पिसं फुटलेली. एली मागे कानात गाणी घालून बसली होती. टेकडी उतरताना तो म्हणाला, "मी काचेवर मुठी आपटत होतो. बघ बघ म्हणून ओरडत होतो तिला."

एरवी असं वाक्य त्याने माझ्या हातात दिलं असतं तर मी त्याचा भुगा केला असता. उत्तर जिभेवर आलं होतं. पण रोज जेवताना ती माझ्या समोर बसते. टीव्हीला नाक लावायची, तेव्हा मी म्हणायचे, मागे सरक, बापासारखी आळशी झालीस.



१७ डिसेंबर

माझ्या वकिलाचा फोन — एलीच्या शाळेतल्या तक्रारींवर आपलं म्हणणं काय? म्हटलं, काही नाही. म्हणाला, काही नाही म्हणजे? त्याला म्हटलं, तुम्हाला इंग्रजी कळतं ना?

२८ डिसेंबर

चष्मे आले. एलीने घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुझ्या हनुवटीवर केस आहे." पहिलं वाक्य! मग रस्ताभर दुकानांच्या पाट्या वाचत आली, मोठमोठ्याने, पहिलीतल्या पोरासारखी. डेल घुबड होऊन गाडी चालवत होता. मी सबंध रस्ता नाक पुसत होते. सर्दी झालीय.

३१ डिसेंबर

एलीला बापाकडे जायचं होतं. बूट घालत होती तेव्हा सहज विचारलं, दिसत नव्हतं हे तुला कधी कळलं?

"सप्टेंबरात. शाळा सुरू झाली तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस, सोन्या?"

ती नाडी बांधत राहिली. "शाळेतून फोन आला की तुम्ही दोघं यायचात. एकत्र."

डेल बाहेर गाडी चालू ठेवून बसला होता. मी दार उघडलं, त्याला म्हटलं, गाडी बंद कर आणि आत ये.