बॅरिस्टर माझ्या हातचं खाणार

३ जानेवारी, सकाळ
वन्संचं कासव आलं. वन्सं गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेल्या. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ते माझ्याकडे. नाव बॅरिस्टर. मान बाहेर काढून असा बघतो, की आपणच काहीतरी कबूल करून टाकावं.

जाताना दारात वन्सं म्हणाल्या, वहिनी, तुझ्या हातचं खाईल ना ग हा?

तुझ्या हातचं! बोच कळली मला. लग्नानंतर मी पहिल्यांदा सगळ्यांना जेवायला वाढलं, तेव्हा याच बाईने भरल्या टेबलावर मीठ मागितलं होतं. तेही पहिला घास तोंडात जायच्या आधी. चव बघायचीसुद्धा तसदी नाही! यांची धाकटी बहीण म्हणून गिळलं. पण विसरले नाही.

आता सूड. सभ्य सूड. वन्सं येतील तेव्हा बॅरिस्टर माझ्या हातून खात असेल आणि त्यांच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

४ जानेवारी
काकडी. खाल्ली नाही. प्रवासाचा शीण असेल. वन्सं दोन गल्ल्या पलीकडेच राहतात, पण टॅक्सीने आला. कासवाला टॅक्सी म्हणजे विमानच.

७ जानेवारी
गाजर नाही. पालक नाही. कोबीकडे पाठ. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी छान गार जागा दिली आहे, तरी मान आत.

संध्याकाळी वन्संचा फोन. खातो का ग? म्हटलं, खातो म्हणजे? ताव मारतो. त्यांनी हळूच विचारलं, तुझ्या हातून? म्हटलं, माझ्याच हातून. त्यांनी घाईघाईने फोन ठेवला. जळल्या!

फोन ठेवून जरा गुणगुणले. हे म्हणाले, कासव उपाशी आणि तू गातेस? यांना युद्धातलं काही कळत नाही.

९ जानेवारी
कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांचा पांढरा ससा होता. फक्त माझ्या हातून खायचा. बाकीच्या मुली म्हणत, तुझ्या फ्रॉकच्या खिशात बिस्किटं असतात म्हणून. मत्सर, दुसरं काय. सिस्टर म्हणायच्या, पेशन्स, माय चाइल्ड. त्या आवाजाची आज फार आठवण आली.

संकल्प: रोज बॅरिस्टरसमोर जमिनीवर बसून जेवायचं. सोबत असली की भूक लागते.

दुपारी
बसले. जेवले. त्याने मान काढली नाही आणि मला उठता आलं नाही. यांना हाक मारावी लागली. हे हसले. लक्षात ठेवलं आहे.

१३ जानेवारी
अजून काही नाही. पायही सुकल्यासारखे दिसतात. भाजीवाला म्हणाला, बाई, रोज रोज एवढा पाला कोण खातं तुमच्याकडे? म्हटलं, तुझा पाला शिळा आहे म्हणून कोणीच खात नाही. उद्यापासून दुसरा भाजीवाला. चांगली अद्दल घडेल.

रात्री झोप नाही. बॅरिस्टरला काही झालं तर? वन्संना काय तोंड दाखवू? त्या नुसतं माझ्या हातांकडे बघतील. काही बोलणारसुद्धा नाहीत.

१४ जानेवारी
जनावरांचे डॉक्टर. तरुण आहेत, मिशी अजून ठरलेली नाही. म्हणाले, याला थंडी बाधली आहे. कासवं गार पडली की त्यांची भूक मरते. फ्रिजजवळून हलवा, ऊन द्या, कोमट पाण्यात बसवा. लाल रंगाचं काही दाखवा, ते त्यांना दिसतं. आणि काकू, सारखा तोंडाशी हात नेऊ नका हो, तो घाबरतो.

माझ्या हाताला घाबरतो! डॉक्टरांना वन्संचा फोन गेला असणार.

१७ जानेवारी
बॅरिस्टर गॅलरीत, उन्हात. सकाळी कोमट पाणी. टोमॅटो हातात धरला. नाही. लाल नेलपॉलिश आणून दहाही नखं रंगवली. हे म्हणाले, कुठे लग्नाला वगैरे? यांचा हिशेब वेगळा आहे.

२० जानेवारी
विजय! वन्संचा फोन आला म्हणून आत गेले. बॅरिस्टर हल्ली बाळसं धरतोय, असं सांगून बाहेर येते तर टोमॅटो अर्धा गायब.

माझ्यासमोर खात नाही, एवढंच. लाजतो. जीव जडलाय माझ्यावर.

२ फेब्रुवारी
रोज खातो. मी आत गेले की. हे म्हणतात, मग आतच राहा. दरवाजाच्या फटीतून मी त्याला माझं प्रेम पोचवते. त्यावरच तो जगला आहे.

वन्संपुढे करायचं भाषण तयार. आरशासमोर दोनदा म्हटलं. शेवटी थोडं थांबून मीठ पुढे सरकवायचं.

१४ फेब्रुवारी, रात्री
वन्सं काठी टेकत आल्या. बॅरिस्टर सोफ्यासमोर तयार होता. मी काकडीची चकती दोन बोटांत धरली. म्हटलं, बघा वन्सं.

त्याने मान काढली. काकडी बघितली. नख बघितलं. आणि कचकन माझं बोट धरलं.

ब्रह्मांड आठवलं. पण हसू ढळू दिलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते कौतुकाचं म्हणून खपलं. चकती कुठे गेली कोण जाणे.

वन्सं ओरडल्या, खाल्लं ग बाई, खाल्लं! आणि सोफ्यावर बसून ढसाढसा रडायलाच लागल्या. म्हणाल्या, आमचे हे गेल्यापासून माझ्या हातचं धड खात नव्हता. त्यांच्या हातचंच लागायचं त्याला. हाही माझ्या डोळ्यांदेखत जाईल, याचीच धास्ती. म्हटलं, खाल्लंच तर वहिनीच्या हातचं खाईल.

भाषण होतं. पहिलं वाक्यच आठवेना.

जेवायला वाढलं. वन्संनी घास घ्यायच्या आधी मीठ मागितलं. मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, ती हॉटेलातही मागते. आईच्या हातचं असलं तरी मागायची. तुला माहीत नव्हतं?

तीस वर्षं! सांगायला काय झालं होतं यांना?

१५ फेब्रुवारी
वन्संनी ठरवलं. बॅरिस्टर आता कायमचा माझ्याकडे. माझ्या हातचं खाताना बघायला त्या रोज संध्याकाळी येणार, आणि जेवूनच जाणार.

डॉक्टरांना फोन केला. कासवं किती जगतात हो? म्हणाले, नीट काळजी घेतलीत काकू, तर तुम्ही-आम्ही गेल्यावरही.

उजव्या हाताच्या बोटाला पट्टी आहे. डाव्या हाताची नखं पुन्हा रंगवली. पाच वाजले. वन्संच्या खुर्चीसमोर मीठ ठेवलं आहे.