वरची बाजू माणसांची

ब्रिन-डी,
रविवार

प्रिय मेरेरिद,

काल तुझा फोन उचलला नाही म्हणून रागावू नकोस. बोलताना तुझे बाबा शेजारी येऊन उभे राहतात, आणि त्यांच्यासमोर सगळंच बोलता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

छपराची दगडी कौलं सरकली आहेत, माळ्यावर गळतं. परवानगीशिवाय हात लावता येत नाही, त्यामुळे जुन्या घरांच्या खात्यातली एक तरुण मुलगी पाहायला आली होती. तिला बघून तुझे बाबा असे काही खुलले! घरभर फिरवलं तिला. "ही वरची बाजू माणसांची, ती उताराकडची गुरांची. दार एकच. आत शिरलं की गाई डावीकडे, आपण उजवीकडे." माळ्यावर चढून ओकच्या काळ्याठिक्कर तुळया दाखवल्या. "तेव्हा धुराडं नव्हतं. चूल जमिनीच्या मधोमध, धूर जाईल तिकडे जाईल." मागच्या भिंतीत एका जागी दगडांचे सांधे वरपासून खालपर्यंत एका रेषेत आलेत ना, तिथे बोट ठेवून म्हणाले, "जुनं घर इथे संपतं. पुढचं पणजोबांनी जोडलं. घाईचं काम, दगड एकमेकांत गुंफलेच नाहीत." मी दारात उभी राहून ऐकत होते. किती दिवसांनी त्यांची वाक्यं पुरी होत होती.

मी चहा ठेवायला वळले, तर तिला हळूच विचारतात, "ही बाई कोण, तुम्हाला ठाऊक आहे? बरेच दिवस राहतेय. चहा बरा करते, पण हुकूम फार सोडते." पोरगी लाजून लाल झाली. मी म्हटलं, "दूध घालू ना, इद्वाल?" तर तिला म्हणतात, "बघा! वर नावानं हाक मारते."

हसले मी. दुसरं काय करणार?

मी लग्न होऊन आले तेव्हा खालच्या बाजूला खरंच गाई होत्या. हिवाळ्यात मधल्या भिंतीला पाठ टेकली की त्यांची ऊब लागायची. तू पाळण्यात असताना आम्ही तिथे स्वयंपाकघर केलं, फरशी तुझ्या बाबांनीच बसवली. आता रोज संध्याकाळी ते तिथे गाई शोधतात. परवा पेटत्या शेगडीपुढे वाळलं गवत पसरून ठेवलं होतं. मी वेळेवर पोचले. सारखं वेळेवर पोचून पोचून दमले गं मी.

गावातल्या वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी खोली रिकामी झाली आहे. मी हो म्हणून आले. शुक्रवारी न्यायचं आहे. त्यांना सांगून पाहिलं, तर म्हणाले, "परक्या बाईच्या सांगण्यावरून मी माझं घर सोडू?" भांडायचं बळ माझ्यात उरलेलं नाही. तुझं नाव मात्र त्यांना अजून आठवतं. तू ये, आणि हाताला धरून त्यांना दाराबाहेर ने. मी त्यांची पिशवी घेऊन मागून येईन.

तुझीच,
आई