ठकीने डोळे मिटले

सगुणा,

ठकीला निरोप देववणार नाही म्हणालीस, म्हणून तू उपासनेला गेल्यावर निघतोय. तिला कल्याणला तिच्या आईच्या हवाली करून संध्याकाळी परत येईन.

दुष्काळात मिशनने पोर आपल्या पदरात घातली, तेव्हापासून ‘हिची आई सापडू दे’ अशी प्रार्थना आपणच करत होतो. देवाने नेमकी तीच ऐकली. तुझ्या आमटीत मीठ बेताने पडू दे, ही माझी प्रार्थना मात्र अजून तशीच पडून आहे.

भात झाकून ठेवलाय. जेव.

जेवणाआधीच्या प्रार्थनेला ठकी कधी डोळे मिटत नसे, कोणी भाकरी उचलून नेईल म्हणून. आज न्याहारीला तिने पहिल्यांदाच घट्ट मिटले. मीच उघडे ठेवून तिच्याकडे बघत बसलो. पाद्रीसाहेबांना सांगू नकोस.

— दावीद