कमलच्या जखमेतला जंतू

नंदनवन, नागपूर
१८ डिसेंबर १९७७, संध्याकाळ

कमलचा जेवणाचा डबा दवाखान्यातच राहिला होता, तो आणायला गेलो. तपासणीवाल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, काकूंच्या जखमेतला जंतू अनोळखी निघाला. पुस्तकातल्या कशाशीच जुळत नाही. आम्ही तो जपून ठेवलाय." काचेच्या बशीत त्याला रक्त घातलेला खाऊ, वर राहायला उबेचं कपाट! पोर मायेनं सांगत होती, तिचा काय दोष? पण ज्यानं माझी बाई नेली, तो उबेत सुखरूप.

आणि घरी? दह्यातही जंतूच असतात, असं कुठंसं वाचलं होतं. कमलनं लग्नात उमरेडहून माहेरचं विरजण आणलं, ते कधी मोडू दिलं नाही. थंडीत माझी माकडटोपी दह्याच्या पातेल्याला घालायची. मी कुरकुरलो की म्हणायची, "तुमच्या डोक्यात आता काय जमाचं राह्यलं? दह्याले तरी जमू द्या." तिच्या दुखण्यात ते पातेलं मी पार विसरलो. नासलं. एवढंसं जपता आलं नाही मला.

मघाशी शेजारची शांता वाटी घेऊन आली. "भाऊजी, वहिनीनंच देलं होतं मले हे विरजण. अजून चालू हाय."

दूध कोमट केलं, विरजण लावलं. पाहतो तर दूध दोघांचं घेतलेलं.

पातेल्याला टोपी घालून बसलोय. डोकं गार पडलंय. कुरकुर करावीशी वाटते, पण कुणाजवळ करू?