अप्पांची बुर्जी

रवि. ५ जाने.
गिरगावात. अप्पांचा गुडघा अजून सुजलेला. मोरीत घसरल्याला महिना झाला, पण दादरला माझ्याकडे यायचं नाव नाही. शेवटी म्हणाले, "पट मांड. तू जिंकलीस तर येतो. मी जिंकलो तर हा विषय बंद."
मी सुटलेच. वजीर, हत्ती, प्यादी, सगळं खाल्लं. त्यांचा राजा एकटा उरला आणि अप्पा टाळी वाजवून हसले. "बुर्जी!"
म्हणजे बरोबरी. देशी खेळात राजा उघडा पडला की डाव कुणाचाच नाही. जिंकायचं तर समोरच्याकडे काहीतरी शिल्लक ठेवून मात करायची.
"हे आत्ता सांगताय?"
"तू विचारलंस कधी?"
ऐंशी वर्षांचा लबाड माणूस.

बुध. ८
ऑफिसात डबा खाताना फोनवर बरोबरीबद्दल वाचलं. तीनदा तीच मांडणी आली की बरोबरी. शह नाही, पण हलायला घरच नाही, तरी बरोबरी. नुसते शहावर शह, तरीही. न हरण्याच्या इतक्या वाटा! दुपारभर समोरच्या फायली काळ्या-पांढऱ्या दिसत होत्या. साहेब काय बोलले, देव जाणे.

रवि. १२
त्यांचं एक प्यादं मुद्दाम जिवंत ठेवलं. त्यांनी ते शह देत थेट माझ्या राजाला आणून भिडवलं. मारल्याशिवाय सुटका नव्हती. बुर्जी.
जेवून तिथेच चटईवर लवंडले. गॅलरीतून चौपाटीचा वारा. झोपेत मी रिकाम्या पटावर चालत होते, एकेक घर, सावकाश. आई पलीकडच्या कडेला बसून तांदूळ निवडत होती. वर बघेना. जागी झाले तेव्हा अप्पांनी अंगावर चादर घातलेली. उठावंसंच वाटेना.

रवि. १९
आज मीच अडकले. अप्पांना सरळ मात दिसत होती. दिली नाही. शह, मी बाजूला, शह, मी परत. असं किती वेळ. पंख्याच्या आवाजात दोघंही पेंगुळलो.
"अप्पा, मात होती हो."
"दिसली की."
"मग?"
"मी जिंकलो की तुझा विषय संपला. मग तू फोन करशील. नुसता फोनच करशील."
आईच्या फोटोचा हार उगाच सरळ केला. म्हणजे हे तिन्ही रविवार डाव संपू नये असं आम्हा दोघांनाही...

गुरु. २३
शेजारच्या सुमनताईंचा फोन. अप्पांनी गॅसवर दूध ठेवलं आणि झोपले. ज्योत विझलेली, वास पार जिन्यापर्यंत. सुमनताईंकडे चावी होती म्हणून बरं.
अप्पांना फोन केला तर "वाटीभर दूध गेलं, एवढंच." मी ओरडले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. भीती वाटते. आता जिंकायचंच.

रवि. २६
खाली अंगणात झेंडावंदन झालं, स्पीकर अजून चालू. आम्ही सकाळीच बसलो.
त्यांचा राजा नि एक प्यादं. माझे दोन हत्ती. मागच्याच चालीला ते प्यादं माझ्या राजाला भिडवून त्यांना बुर्जी करता आली असती. मला दिसलं. त्यांनाही दिसलं, बोट प्याद्यावर गेलेलं मी पाहिलं. मग बोट उचललं आणि राजा हलवला.
आता एका चालीत मात. ते प्यादंही माझ्या दुसऱ्या हत्तीच्या तोंडातच आहे. खाल्लं की बुर्जी, आणि पुढचा रविवार.
पटावरून नजर न काढता म्हणाले, "तुझ्याकडच्या त्या मागच्या खोलीत ऊन येतं का गं?"
"येतं. नऊपर्यंत."
"बरं."
चहा टाकते म्हणून उठले. ओट्यापाशी उभी राहून हे लिहितेय. बारा वर्षांची असताना त्यांना हरवायची किती स्वप्नं बघायचे.
बाहेरून हाक आली. "बेबी, चहा राहू दे. आधी चाल कर."