निरांबा आली तर

अमरावती,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. नितेश यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे. दिवाळी करून आपल्या मेसची मुलं परत आली. त्यांच्यातल्या पौर्णिमानं येताना शेंदूरजनाघाटहून घरची संत्री आणली, ती मुलांनी माझ्यासमोर फस्त केली आणि सालं जिन्यात टाकली. गुडघा दुखतो, पण तो दुखला नाही तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं होईल. अकोल्यात थंडी पडली का? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू नुसता हुंकार भरतोस आणि माझं बोलणं निम्म्यावर राहतं. म्हणून लिहायला बसले.

तू आणि उसामानं मिळून खेळासाठी रचलेलं ते आरवण नावाचं जग, त्याच्या देवधर्माची पानं पोचली. एका खेळाला एवढे देव लागतात हे मला ठाऊक नव्हतं. दुपारची भांडी आटोपली की पौर्णिमा मोठ्यानं वाचते आणि मी मेथी निवडत ऐकते. उसामाची चित्रं झकास आहेत. फक्त त्या पावसाच्या देवाला नाक का नाही? पौर्णिमा म्हणाली, "काकू, देवाले काय वास घ्याचा असते?" मी म्हटलं, "मंग नैवेद्य कायले दाखवतेत त्याले?" तू सांग.

वाऱ्याचा देव घुमा मला फार आवडला. त्याला खरं ऐकूच येत नाही, फक्त खोटं ऐकू येतं, म्हणून लोक देवळात जाऊन मनसोक्त खोटं बोलतात! पण त्याचा पुजारी दिवसभर ते ऐकून घरी गेला, की बायकोनं 'जेवायला या' म्हटलेलं त्याला खरं वाटतं का? याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही.

उजेडी आणि अंधारी या पंथांचंही तसंच. एकाचं म्हणणं, देवापुढे दिवा पाहिजे. दुसऱ्याचं म्हणणं, उजेडानं देवाचे डोळे दुखतात, दिवा विझवून पाया पडा. पिढ्यान्पिढ्या भांडतात आणि सोयरिकीही करतात, अन् लग्न लावतात ते दिवेलागणीला, म्हणजे कुणाचाच देव रागवायला नको. हे तुम्हाला कुठे सुचलं ते मी सांगते. रमजानात उसामा आपल्या गच्चीवर रोजा सोडायचा आणि तू रोजा न धरताच त्याच्याआधी खजुरावर हात मारायचास, तिथे. पण अंधाऱ्यांच्या घरी उजेडी सून आली, तर पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातली बत्ती कोण लावतं? यावर एक ओळ नाही. मुलांनी धर्म काढले की स्वयंपाकघर राहूनच जातं.

आता निरांबा. तिचं पान मी पौर्णिमाकडून पुन्हा वाचून घेतलं, मग चष्मा शोधून स्वतः वाचलं. तिला मूर्ती नाही, देऊळ नाही. फार पूर्वी ती 'आलेच' म्हणून घराबाहेर पडली. तेव्हापासून आरवणात घरोघरी जेवणाच्या वेळी तिचं एक ताट वाढतात आणि वाढणारीला ताटवाली म्हणतात. अन्न गरम पाहिजे. वाढताना निरांबेला नावं ठेवायची नाहीत. सगळ्यांचं झालं की ते ताट वाटेनं जाणाऱ्या कुणालाही द्यायचं. मी पौर्णिमाला विचारलं, "रोज ताट वाढतेत, मंग तिचा खाडा कोन मांडते?" पोरगी खो खो हसली. मेसवालीच्या डोक्यात दुसरं काय येणार! आपल्याकडे जो जेवायला आला नाही त्याचा खाडा मांडतो आणि महिनाअखेरी वजा करतो. तुझ्या आरवणात मात्र तिचा खाडा कुणी मांडतच नाही. इतकी वर्षं ती रोज हजर.

मला हसू आलं नाही. मेथी तशीच टाकून मी गच्चीवर जाऊन उभी राहिले.

नितेश, ते 'आलेच' तुला कुणी सांगितलं? मी तर कधी सांगितलं नाही. तू चार वर्षांचा होतास. जमुनानं, माझ्या धाकट्या बहिणीनं, तुला माझ्या ओट्यावर बसवलं, हातात बिस्किटचा पुडा दिला, 'आलेच' म्हणाली आणि अचलपूरच्या गाडीत जाऊन बसली. तुझे वडील गेल्यावर तिचं दुसरं लग्न ठरलं होतं आणि त्या घरात तुला घेणार नव्हते. हे मला माहीत होतं, तुला नव्हतं. तो सगळा हिवाळा तू जेवायला बसलास की तिचंही ताट मांडायला लावायचास. मी मांडायचे. मग कधीतरी तू मलाच आई म्हणू लागलास आणि ताटाचं नाव काढेनासा झालास. मला वाटलं, सगळंच विसरलास. तेव्हा मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू!

आता जे सांगायचं म्हणून बसले आणि देवाच्या नाकापासून सुरू करत लांबवत आणलं, ते सांगते.

तुझी पानं यायच्या आधीची गोष्ट. दुपारची पंगत चालू होती. टोकाला एक बाई बसली होती, डोक्यावरून पदर घेतलेली. कुण्या पोरीची आई भेटायला आली असेल असं समजून मी पोळी वाढली, वरण वाढलं, "घ्या ना बाई, लाजू नका" म्हटलं. ती निमूट जेवली. मग मान वर न करता म्हणाली, "बाई, भाजीत मीठ आताही कमीच टाकतं तू."

मला, थोरल्या बहिणीला, 'बाई' म्हणणारी एकच, जमुना. तिच्या ताटात अजून एक पोळी वाढली आणि पुढच्या मुलाकडे वळले.

मुलं गेल्यावर विचारलं, "कावून आली?"

"नितेशले पाहाले."

"इतके दिवस काय झालं होतं? अचलपूर काय विलायत आहे?"

"त्यायनं हालू नाई देल्लं, बाई. आता तो मानूसच गेला." एवढं बोलून ती भांडी घासायला बसली.

तेव्हापासून आतल्या खोलीत राहते. तिच्या पोळ्या मुलांना माझ्यापेक्षा आवडतात आणि मला त्याचा राग येतो. तुझा फोटो पुसून पुसून काच झिजवली तिनं. एकदा म्हणाली, "ओळखन का तो मले?" मी म्हटलं, नाही ओळखणार, त्याला काही आठवत नाही. मला तसंच वाटत होतं. मग तुझी पानं आली. निरांबेचं पान वाचणं चालू होतं तेव्हा ती आत कणीक मळत होती. परातीचा आवाज थांबला, तो पान संपेपर्यंत थांबलेलाच होता.

तर माझा खरा प्रश्न हा. वाट पाहण्याचे सगळे नियम तू लिहिलेस. पण ती खरंच दारात आली तर आरवणातले लोक काय करतात? पाय धुवायला पाणी देतात, की दार लावून घेतात? ते कुठेच नाही. तू म्हणशील तसं होईल. दार लावायचं म्हणालास तर मी स्वतः तिला गाडीत बसवून देईन, तुझ्यावर शब्द येऊ देणार नाही. पण तू स्वतः येऊन सांग.

आणि निरांबा आल्यावर ताटवालीचं काय होतं? सगळी पानं उलटून पाहिली. तिला गोष्ट नाही, तिचं चित्र नाही, ती नुसती वाढते. मला भीती वाटते रे. जमुना वाईट नाही. तिचे रापलेले हात पाहिले की मला भडभडून येतं, आणि तरीही वाटतं, ही आली नसती तर बरं झालं असतं. तू तिला आई म्हणालास तर मी तोंडानं काही बोलणार नाही, पण मला लागेल. ते लपवता येणार नाही, म्हणून आधीच लिहून ठेवते.

आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली 'तुझी आई' लिहिलं, कधी विचार करावा लागला नाही. आज घरात दोघी आहोत. नुसतं नाव लिहिते. त्याच्याआधी काय लावायचं, ते तू आल्यावर सांग.

चंदा