सिस्टर एमाचा नवस

६ जानेवारी १९९२
“लिवून पोट भरतं का गो?” — लग्न होऊन डोंबिवलीहून ठाण्याच्या कोळीवाड्यात आले, तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं. आज त्याच बाईंनी बंद टीव्हीला नमस्कार केला! कारण माझ्या मालिकेतली सिस्टर एमा बेशुद्ध आहे.

९ जानेवारी, गुरुवार
आजचा भाग छान झाला. डॉ. हरिहर एमाच्या उशाशी बसून राहतो. सुरुवातीला हाच माणूस तिच्यावर ट्रे फेकायचा! किती सावकाश बदलवलाय मी त्याला — तर सासूबाई म्हणतात, “बाय आडवी पडली तवा उमगलं. आमचे बी तसलेच व्हते.” माझं वर्षभराचं लिखाण एका दमात आटोपलं.
हे म्हणाले, “आणि बाकीचे पेशंट कोण बघतंय?”

११ जानेवारी
सासूबाईंनी मासळी सोडली! देवीला नवस बोलल्यात. जन्म गेला मासळी विकण्यात, आणि आता ताटात भोपळा. एमासाठीच, दुसरं काय! तिला जगवणारी-मारणारी बाई याच घरात भाकऱ्या थापतेय — मला एका शब्दाने विचारलं नाही. थेट देवीकडे!

१४ जानेवारी
वाण्याकडे फोन आला. निर्माते, तानाजीराव. एमा करणारी मुलगी सिनेमात निघाली. “वहिनी, उडवा तिला. पण झकास रडवा. मालिकेच्या मुदतवाढीचं वरून अजून काही नाही. नाही मिळाली तर तिच्यामागून आपणही.”
लाईनवर खरखर. मी ओरडले, “बरं, मारते तिला!”
वाण्याने साखर तोलायची थांबवली.

१९ जानेवारी
सासूबाईंची पोलकी सैल व्हायला लागलीत. डॉक्टरीणबाई रागावल्या — या वयात मासे सोडायचे नाहीत. हे म्हणतात, “मग उठव ना एमाला! तोंडाला बँडेज बांध. आमची मनुआत्या झोपेल तिच्या जागी.”
मनुआत्या घोरते.

३० जानेवारी, गुरुवार
एमा गेली. सगळी आळी रडली. सासूबाईही रडल्या, पदराने नाक पुसलं, जेवायला बसल्या. मी मुद्दाम बांगडे तळले होते. ताट सरकवलं.
“मना नको.”
“अहो, पण आता कसला नवस? ती तर मेली!”
“मेली तर मेली.” आणि भोपळा चाटून-पुसून संपवला.
माझ्यावर राग धरलाय की काय?

१ फेब्रुवारी
गंगुबाई बाजारात सासूबाईंच्या शेजारी टोपली मांडते. तिला सगळं सांगितलं, तर हसत सुटली. “येडी काय गो तू! नर्सबायसाठी कोन मासली सोडंल? नवस तुझ्यापायी हाय. तुझा खेल चालू र्‍हावा म्हनून. मागचा बंद पडला तवा उनालाभर भिंतीकडं तोंड करून निजलेलीस. म्हातारी दाराशी बसून असायची.”
मला वाटायचं, माझं ते निजणं घरात कुणाला कळलंच नव्हतं.

५ फेब्रुवारी
मुदतवाढ नाही. मालिका बंद.
आत्ता जाऊन सांगणार — आई, खेळ संपला. मी नाही निजणार भिंतीकडे तोंड करून. तुम्ही नवस सोडा, दोन घास मासळी खा.
नाहीच म्हणतील. देवीकडे आता नवी मालिका मागतील.